कोटाशी इंग्रजी

लातूर,
३ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. सिंधूस आबाचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पाशामियाँनी काल हातोहात आणून दिलं. त्यांची डाळीची गाडी नांदेडला जाते-येते तोवर आपल्याला पोस्टाची गरज नाही. फोनवर तू तिकडून काही सांगतेस आणि मी इकडून 'बरं झालं, बरं झालं' म्हणतो. मागं तू सृष्टीला ताप आल्याचं सांगत होतीस म्हणे! तुझी आई असती तर फोन तिनं धरला असता. आता या बहिऱ्याला कागदच बरा.

विष्णुपुरीच्या रस्त्यावरच्या त्या दवाखान्यात काउंटरची जागा निघाली, शेजारच्या बिलकीसभाभीनं तुला अर्ज करायला लावला, हे वाचून काळीज सुपाएवढं झालं. सतरा तारखेला मुलाखत, साहेब हैदराबादचा, विचारणार सगळं इंग्रजीतून. आणि आमचे जावई नरसिंगराव भावकीत हसून म्हणाले, की हिची इंग्रजीची गाडी 'थँक्यू'च्या पुढं सरकत नाही. लागलं असेल तुला. पण रुसून भाषा येत नाही बाळा, जीभ झिजवल्यानं येते.

पुस्तक मनातल्या मनात वाचू नकोस. मनातल्या मनात पोहणारा विहिरीत बुडतो. मी आडतीवर मुनीम असताना मद्रासकडचे व्यापारी यायचे, तेव्हा मी घरी खुंटीवरच्या कोटालाच व्यापारी केलं होतं. रोज त्याच्याशी मोठ्यानं बोलायचो. तुझी आई म्हणायची, कोटाशी गप्पा आणि बायकोशी मुकेपणा, ही कुठली रीत! तू तसंच कर. दार लाव, समोर खुर्ची ठेव. साहेबाला प्रश्न विचारायला वेळ दे, म्हणजे मधे थांब. मग उत्तर दे. शेवटी थोडं हस. रडक्या तोंडाला कुणी काउंटरवर बसवत नाही. नरसिंगरावांचा शर्ट समोर ठेवलास तर तुझी दातखीळ बसेल, म्हणून माझा तो राखाडी कोट पाशामियाँबरोबर पाठवतो आहे.

निवड होईपर्यंत घरात कळू द्यायचं नाही, म्हणून तू मला तुझ्या गळ्याची शपथ घातलीस. पाळतो. पण चांगल्या कामाची अशी चोरी मला रुचत नाही, हेही लिहून ठेवतो.

सृष्टीला पापा. तब्येतीला जप, आणि या म्हाताऱ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
आबा

•

नांदेड,
९ फेब्रुवारी

ती. आबांना सिंधूचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

कोट मिळाला. दुपारी जेवणं झाली की कोठीच्या खोलीत जाते, धान्याच्या कोठ्यांमधे खुर्ची ठेवते आणि तिच्यावर तुमचे साहेब बसवते. पहिल्या दिवशी मी 'गुड मॉर्निंग सर' म्हणाले आणि पुढं माझं मलाच हसू आलं. आता हसू ठरल्या जागीच येतं. नाव, गाव, शिक्षण, हे काम का करायचंय, घरी कोण कोण आहे, सगळं धडाधड येतं. मधे थांबायचं मात्र जड जातं. रिकाम्या खुर्चीचं ऐकून घेणं फार अवघड हो आबा.

पण एक सांगायचं आहे. दोन-तीनदा दाराबाहेर पावलं थांबल्यासारखी वाटली. परवा आत्याबाईंनी विचारलं, आत कशाला हसत होतीस. मी म्हणाले, सृष्टीची कविता पाठ करत होते. त्या माझ्याकडं बघत राहिल्या. सासूबाई म्हणून त्या वाईट नाहीत, तुम्हाला माहीत आहे; पण बघायला लागल्या की माणसाला आपण काहीतरी चोरल्यासारखं वाटतं. कालपासून मी बोलायला लागले की बाहेर भांड्यांचा आवाज बंद होतो.

तरी शपथ मोडू नका. नाही जमलं तर नाही जमल्याचं मला एकटीलाच कळू द्या. पुन्हा सगळ्यांच्या पंगतीत हसं व्हायची ताकद नाही माझ्यात.

औषध वेळेवर घ्या. आहे तशीच दृष्ट लागण्यासारखी पत्रं लिहीत राहा.

तुमची,
सिंधू

•

नांदेड,
१२ फेब्रुवारी

रा. रा. व्यंकटराव व्याही यांना गुणाबाईचा नमस्कार.

माझं शिक्षण चौथीपत्तर. अक्षर गोड मानून घ्या, मजकूर गोड न्हाई.

तुमची लेक रोज दुपारी कोठीच्या खोलीत जाऊन आतून कडी लावती. आत बोलत ऱ्हाती. इंग्रजीत. येस सर, नो सर. मंग गप्प. म्हंजी तिकडचं माणूस बोलत असंल. मंग ही हसती. सासूसमोर कधी हसली न्हाई असं गोड हसती. मी इचारलं तर पोरीची कविता म्हणून सांगितलं. पोरीची कविता मला ठावं हाय, त्यात सर न्हाई.

मला आधी वाटलं फोनवर आसंल. काल फटीतून बघितलं तर खुर्चीवर गड्याचा कोट. आमच्या नरसिंगकडं तसला कोट न्हाई. कोठीला मागच्या बोळात दार हाय. माझ्या पायाखालची जमीन सरकली व्याही. नि त्यात माझं नाव निघतंय. मदर-इन-लॉ म्हणती. तेवढं मला कळतंय, टीव्ही बघती मी. रोज, एक दिस चुकत न्हाई. परक्या माणसाम्होरं माझी गाऱ्हाणी! हिच्या बाळंतपणात मी काय केलं ते हिनं सांगावं की त्या कोटवाल्याला.

गल्लीत अजून कुणाला ठावं न्हाई. ठावं व्हायच्या आत मिटवायचं हाय. नरसिंग देगलूरकडं रस्त्याच्या कामावर हाय, ऐतवारी येतो. त्याच्या कानावर घालणार. तुमी सोमवारी या नि लेकीला घेऊन जा. सृष्टी आमची हाय, ती हितंच ऱ्हाईल.

लोभ ठेवा म्हणायला आज हात धजत न्हाई.

गुणाबाई

•

लातूर,
१३ फेब्रुवारी

श्रीमती विहीणबाई यांस व्यंकटरावाचा हात जोडून नमस्कार. वि. वि.

पाशामियाँ गाडी चालू ठेवून दारात उभे आहेत, म्हणून घाईत लिहितो.

त्या कोटाचा मालक मी. डाव्या खिशाला काळ्या दोऱ्यानं टीप मारलेली आहे, ती सिंधूच्या आईच्या हातची. उलटून बघा. सिंधू त्या कोटाला साहेब समजून नोकरीच्या मुलाखतीची तालीम करते. सोमवारी, सतरा तारखेला मुलाखत आहे, दवाखान्यात. मधे थांब असं मी सांगितलं. हस असंही मीच सांगितलं. तुम्ही दाराआड ऐकलात तो सगळा माझा शहाणपणा. घरात हसतील म्हणून तिनं चोरून केलं, आणि मला शपथ घातली, ती मी आत्ता हा कागद लिहून मोडली. लेकीच्या गळ्याची शपथ बाप कधी मोडतो, तेवढं तुम्ही जाणता. तुम्हीही आई आहात.

तिच्या तोंडी तुमचं नाव का येतं, ते मला ठाऊक नाही. ठाऊक नाही ते ठाऊक आहे म्हणून लिहीत नाही, यावरून बाकीचं खरं माना.

माझ्या शब्दावर विसंबू नका. आत जाऊन बसा आणि ऐका. फक्त मायलेकरांची ताटातूट करायची भाषा परत घ्या. बोललेला शब्द भाताच्या पाण्यासारखा असतो, उतू गेला की चूल विझवतो.

आजवर धरलात तसा आमचा हात धरून ठेवा.

आपला,
व्यंकटराव

•

नांदेड,
१५ फेब्रुवारी

ती. आबांना सा. न. वि. वि.

तुम्ही शपथ मोडलीत. रागावणार होते, पण आता त्याला जागाच उरली नाही.

आत्याबाईंनी तुमचं पत्र दोनदा वाचलं. कोटाचा खिसा उलटून टीप बघितली. मग म्हणाल्या, कोट बापाचा असेल, पण तो घालून कोण बसतं ते बापाला लातुरात कसं दिसणार. काल दुपारी त्या स्वतः खोलीत आल्या, कोठीला टेकून बसल्या आणि मला म्हणाल्या, बोल. आबा, माझ्या तोंडून एक शब्द निघाला नाही. रोजचं 'गुड मॉर्निंग'सुद्धा नाही. त्या बराच वेळ बसल्या. उठताना म्हणाल्या, कुणी नसताना वाहते आणि माणूस दिसलं की आटते, ही कुठली इंग्रजी. माझा फोन त्यांनी पदरात बांधला आणि कोठीच्या मागच्या दाराला कुलूप घातलं.

आज सृष्टीला त्या त्यांच्याजवळ झोपवणार आहेत. ती मला विचारत होती, आई, तू लातूरला एकटीच चाललीस का. तिला हे कुणी सांगितलं, मी विचारलं नाही.

उद्या हे येतील. बिलकीसभाभी हे पत्र पाशामियाँकडं देणार आहेत. तुम्ही येऊ नका. तुम्ही आलात तर मला न्यायलाच आलात असं होईल.

माझ्यासाठी एक दिवा लावा.

सिंधू

•

नांदेड,
१७ फेब्रुवारी, सांजच्याला

रा. रा. व्यंकटराव व्याही यांना गुणाबाईचा वाकून नमस्कार.

परवापासून तुमचा डोळा लागला नसंल, म्हणून आधी सांगते, लेक घरात हाय. आता सवडीनं वाचा.

ऐतवारी दुपारी नरसिंग आला. पानावर बसायच्या आधी मी समदं सांगितलं. तुमचं पत्र बी दावलं. त्यो म्हणला, सासरा लेकीला झाकून राहिलाय. सिंधूला मधल्या खोलीत बोलावलं, कोट खुर्चीवर फेकला नि म्हणला, ह्याच्याशी बोलती ना, मंग आमच्याम्होरं बोल. न्हाईतर पिशवी भर. सृष्टी माझ्या मांडीला चिकटली. तिचं काळीज माझ्या हाताला लागत होतं.

सिंधू पिशवी भरायला आत गेली. मला वाटलं, संपलं. दोन कपडे टाकले नि तशीच परत आली. डोळे पुसले, पदर सावरला, खुर्चीवरचा कोट नीट केला, जसं माणसाला सावरून बसवावं. नि म्हणली, गुड मॉर्निंग सर.

मंग न्हाई थांबली. आमच्याकडं बघितलंच न्हाई. तोच आवाज, तेच मधे थांबणं. रडलेल्या तोंडानं तेच हसू, त्याच जागी. मी दाराआडून ऐकलेलं समदं एकामागं एक येत गेलं, नि खोलीत आमच्याबिगर कुणी न्हाई, फोन माझ्या पदरात बांधलेला. व्याही, मला तिथंच कळलं. पण कळलेलं जिभेवर येईना. सासूपणा आडवा येतो हो.

तेवढ्यात ती अडकली. माय मदर-इन-लॉ म्हणली, माझ्याकडं नजर गेली नि पुढचं गिळलं. पुन्हा म्हणली, पुन्हा गिळलं. नरसिंग म्हणला, अडली बघ गाडी टेसनात. आसं म्हणून उठाया लागला. नि माझ्या तोंडातनं निघालं, इज व्हेरी सपोर्टिव्ह सर! दाराला कान लावून लावून मला पाठ झालतं, मलाच ठावं नव्हतं. जन्मात पहिल्यांदा इंग्रजी बोलले, नि त्यात बी पोराला सर म्हणून बसले.

नरसिंग खाली बसला. हसंना बी नि रागवंना बी. मी म्हणलं, आरं काय बोलले मी, शिवी हाय का? त्यानं मान खाली घालून अर्थ सांगितला. माझ्या सासूचा मला लई आधार हाय.

ह्या वाक्यापायी मी तिला घराबाहेर काढाया निघालते.

पिशवी मीच रिकामी केली. मंग तिला जेवायला वाढलं. चौघं जण जेवलो, कुणी कुणाकडं बघंना. हात धुताना नरसिंग तिला म्हणला, सकाळी किती वाजता निघायचं. माफी बिफी त्याला येत न्हाई, बापावर गेलाय.

आज त्यानंच गाडीवरून विष्णुपुरीला नेलं. मी नि सृष्टी घरी. आल्यावर सिंधू म्हणली, पाठ केलेलं साहेबानं काहीच इचारलं न्हाई. त्यानं इचारलं, इतकी वर्षं घरी होता, काय करत होता? ही म्हणली, घरात एकटीच बोलत होते सर, आता माणसांशी बोलायचंय. मोडकंतोडकं म्हणली म्हणती. साहेब हसला न्हाई. आठ दिसांनी कळवतो म्हणला. गोड बोलून वाटंला लावलं का खरंच कळवणार, ते बिलकीसला बी सांगता येईना.

आता एक इचारते, खरं सांगा. ते माझ्यावरलं वाक्य तुमी शिकवलं, का तिनं जुळवलं? तिला इचारायचा धीर होत न्हाई.

माझ्यावर राग धरा, पण फार दिस धरू नका.

गुणाबाई

•

लातूर,
१९ फेब्रुवारी

श्रीमती विहीणबाई यांस व्यंकटरावाचा स. न. वि. वि.

पत्र पाशामियाँनी दिलं तेव्हा पाकीट मी त्यांनाच फोडायला लावलं. पहिली ओळ वाचली आणि मी त्यांना चहाला बसवलं. पुढचं आम्ही दोघांनी मिळून वाचलं. 'पोराला सर' इथं ते इतके हसले, की मला बहिऱ्यालाही ऐकू आलं.

राग धरत नाही. तुमच्या जागी मी असतो आणि बंद दाराआड परका कोट दिसला असता, तर मीही दगड उचलला असता. दार लावायला मी सांगितलं होतं, हे मी विसरलेलो नाही.

तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर. ते वाक्य माझं नाही. घरी सगळं ठीक आहे, एवढं सांगून मोकळी हो, अशी माझी शिकवण असती. परक्यासमोर घर उलगडू नये, अशा जुन्या मताचा मी. तुमचं नाव तिचं तिनं घातलं. खरं म्हणून घातलं, की तसं व्हावं म्हणून घातलं, ते मी बाप असून सांगू शकत नाही. पण रविवारी ती तिथंच अडकली, ती शब्द विसरली म्हणून नव्हे. तुमच्या तोंडावर ते म्हणायचा तिला धीर झाला नाही.

तुम्ही ते जिभेनं पुरं केलंत. आता हातानं करा. साहेब कळवो न कळवो.

आपला,
व्यंकटराव