पाळण्यातल्या पावाबद्दल माझी साक्ष

मी, अगाथा शेलबर्ट, वय सत्तर, अविवाहित, निवृत्त टंकलेखिका, राहणार श्टेफा, ज्युरिक सरोवराकाठी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट दोघांनी "लिहू नकोस" म्हणून विनवले. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझ्या डोक्याविषयी अलीकडे भर सभेत शंका घेतली गेली. यंदा या देशाने आम्हा बायकांना मतदानाचा हक्क दिला, तेव्हा माझ्या शब्दालाही काही वजन असावे असे धरून चालते. याआधीचे माझे सर्व कागद रद्द समजावेत.

१. माझे राहते घर पुतण्या मेलखियोर याला द्यावे. त्याने बागेतले नासपतीचे झाड तोडू नये. तो तोडणार, त्याला मोटार लावायला जागा हवी आहे; तरी लिहून ठेवते.

२. टाइपरायटर आणि लॅटिन शब्दकोश डोंगरातल्या माझ्या कॉन्व्हेंट शाळेला द्यावेत. तिथल्या सिस्टरांनी मला लॅटिन आणि फ्रेंच शिकवले. बोटांवर पट्ट्याही मारल्या, पण मला अडाणी कधी म्हटले नाही.

३. मला अडाणी म्हणण्याचे काम प्रोफेसर टोबियास रींडलर यांनी केले. आत्मा, धर्म आणि माणसाच्या जगण्याचा अर्थ यांवर त्यांनी लिहिलेले ग्रंथ जगभर वाचले जातात. ते सारे मी टाइप केले आहेत. माझ्याकडच्या त्यांच्या सहीच्या प्रती शेजारचे बेकर योसेफ यांना भट्टी पेटवायला द्याव्यात.

४. हे कलम मालमत्तेचे नाही, पण वकिलांनी ते गाळू नये.

प्रोफेसरांच्या घरात नियम होता की तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाने आपली स्वप्ने त्यांना सांगायची. दार बंद करून, चर्चमध्ये पापकबुली द्यावी तशी. मीही सांगितली. एकदा स्वप्नात काळ्या वस्त्रांतल्या बायका पाळणा हलवत होत्या. आत सोनेरी बाळ होते, डोळे काळेभोर. त्यांनी त्याचे डोके मोडून माझ्या हातात दिले आणि मी ते खाल्ले. मी घाबरून रडत उठले होते.

प्रोफेसर हरखून गेले. खाल्ल्या जाणाऱ्या देवाची ही मानवजातीची आदिम आठवण आहे, म्हणाले. जिने कधी असे काही पाहिले नाही अशा बाईच्या मनातही ती आपोआप उगवते. त्यांनी माझ्याकडून स्वप्नाचे चित्र काढून घेतले आणि त्यावर ग्रंथ रचला. "डोंगरातील एक निरक्षर मोलकरीण" हे माझे वर्णन. ते वाक्य त्यांनी मलाच सांगितले आणि मलाच टाइप करायला लावले. मी विचारले, तर म्हणाले, "अगं, तुझी ओळख लपवायला नको का?"

पुढे डिसेंबरात संत निकोलसच्या दिवशी मी बेकरीसमोर उभी होते. काचेमागे पावाची माणसे मांडली होती, सोनेरी, मनुकांच्या डोळ्यांची. तिथेच मला सारे आठवले. शाळेत त्या दिवशी सिस्टर असे पावाचे बाळ पाळण्यात घालून हलवत, गाणे म्हणत, मग ते मोडून आम्हा मुलींना वाटत. डोके सर्वांत लहान मुलीला. पहिल्या वर्षी ती मी होते. बाळ खायचे म्हणून मी रडले होते.

धावत जाऊन प्रोफेसरांना सांगितले. खोलीत हेडविग आमश्टुत्झ होती, त्यांची दुसरी लेखनिक आणि माझी मैत्रीण, हातात पेन्सिल घेऊन. प्रोफेसरांनी उठून दार लावून घेतले.

"अगाथा, आता ग्रंथ छापायला गेलाय."

"मग परत मागवा."

"पावाच्या एका तुकड्यासाठी?" ते हसले. "हेडविग, हे लिहू नकोस."

हेडविगने पेन्सिल खाली ठेवली.

५. "अनामिक रुग्ण" अशा पाटीखाली प्रोफेसरांच्या नावाने चालणाऱ्या संस्थेच्या दालनात टांगलेले त्या स्वप्नाचे चित्र माझे आहे. ते काढून शाळेच्या भटारखान्यात लावावे.

६. या संस्थेला माझ्याकडून काहीही मिळणार नाही. प्रोफेसरांच्या जन्मशताब्दीला मी उठून वरील हकीकत सांगितली. संचालक डॉ. काश्पार गोड हसून म्हणाले, "बाईंचं वय झालंय, आपण समजून घेऊ." मी हेडविगकडे वळले. "तू होतीस ना गं तिथे?"

"इतकी वर्षं झाली, अगाथा. मला नाही आठवत."

माझ्या बहिणीच्या लग्नात सूपमध्ये मीठ कमी होते, हे तिला अजून आठवते.

नंतर कॉफी पिताना ती म्हणाली, "तुझं बरं आहे, स्वतःचं घर आहे. मी संस्थेच्या वाचनालयावरच्या खोलीत राहते. उद्या बाहेर काढलं तर जाऊ कुठे? तुझ्या पावाच्या बाळाला घेऊन पुलाखाली?"

प्रोफेसरांनी विकले ते माझे स्वप्न होते. हेडविगने मला विकले.

७. वकील म्हणतात, हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत. लागत नसतील, मला हवे आहेत. ज्याला लाभ होणार त्याची साक्ष कोणी खरी धरत नाही, म्हणून हेडविगच्या नावे इथे मुद्दाम काहीही ठेवलेले नाही. तिने कलम चार वाचावे आणि ते खरे असल्यास तसे लिहून सही करावी.

अगाथा शेलबर्ट
श्टेफा, ७ डिसेंबर १९७१

साक्षीदार:
योसेफ बामर्ट, बेकर. बाई शुद्धीवर आहेत, नेहमीसारख्याच रागावलेल्या आहेत.
हेडविग आमश्टुत्झ. बाईंनी माझ्यासमोर सही केली, एवढीच माझी साक्ष. मजकूर मी वाचलेला नाही.

पुरवणी, त्याच दिवशी, साक्षीदार गेल्यानंतर:

तिने वाचला. चष्मा लावून, दोनदा. कलम चारपाशी तिचा हात थांबला होता.

तेव्हा कलम चारची ती साक्षीदार नाही, आणि तिला काही द्यायला आता अडचण नाही. कलम एकमध्ये बदल: घराच्या वरच्या मजल्यावरची सरोवराकडची खोली, शेगडीसह, हेडविग आमश्टुत्झ हिला तहहयात, बिनभाड्याने. मेलखियोरने तिला कोणत्याही कारणाने बाहेर काढू नये, तिने काहीही सांगितले किंवा नाही सांगितले तरी.

आता तिच्या डोक्यावरचे छप्पर संस्थेचे नाही. मी असणार नाही, पण विचारणारे येतील. तेव्हा तिला काय आठवते ते त्यांनी लिहून घ्यावे.

अगाथा शेलबर्ट
श्टेफा, ७ डिसेंबर १९७१