उजव्या कमरेची तलवार

दिनांक १९ ऑगस्ट १९५८, मंगळवार. माझी दिवंगत पत्नी ओफेलिया हिच्यासाठी चाललेली नऊ दिवसांची प्रार्थना सकाळी संपली. शेजारी कॉफी पिऊन गेले. दिवसभर ऊन होते.

मी, लिसांद्रो ओचोआ, वय एकाहत्तर, निवृत्त तारमास्तर, राहणार सान रोके, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय माझी अखेरची इच्छा लिहून ठेवतो.

घर व मक्याचे शेत मुलगी रोसाउरा हिला. माझी हत्यारे शेजारचे सुतार अमादेओ यांना. निम्मी त्यांच्याकडेच आहेत.

बैठकीतले जनरलसाहेबांचे तैलचित्र मात्र रोसाउराला देऊ नये. जनरल राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा घरोघर त्यांचे चित्र हवे होते. आमच्या गावात त्यांना कोणी पाहिलेले नव्हते. हे चित्र रंगारी तादेओने ओफेलियाला आमच्या लग्नाआधी दिले. राष्ट्रदिनी रिवाजाप्रमाणे आम्ही ते खिडकीत मांडत असू. एका वर्षी अमादेओ रस्त्यातून ओरडले, "अहो तारमास्तर, जनरल डावखुरे होते होय? तलवार उजव्या कमरेला कशी?"

सगळे हसले. ओफेलिया हसली नाही. तेव्हा मला समजले की तादेओने आरशात बघून स्वतःलाच रंगवले होते आणि वर जनरलांच्या मिशा काढल्या होत्या. रंगावरची धूळ निघावी म्हणून ओफेलिया रोज बटाट्याच्या फोडीने तो चेहरा पुसायची. मी तिला कधीच काही विचारले नाही.

जाताना ती म्हणाली, "ते चित्र भिंतीवरून काढू नका." मी हो म्हणालो.

आज रोसाउरा म्हणाली, "बाबा, मेलेल्या जनरलावर कसला राग धरता?" मी कागद पुढे ओढला. माझ्यामागे चित्र जाळावे, असे कलम लिहिले.

साक्षीला आलेल्या अमादेओंनी ते वाचले. "लिसांद्रोभाऊ, गावात कोणाला ठाऊक नाही असं वाटतं का तुम्हाला? तादेओ जाऊन बारा वर्षं झाली. त्याची बायको कासिल्दा दर राष्ट्रदिनी तुमच्या खिडकीपुढे उभी असते, ती काय जनरलसाठी?"

ते कलम मी खोडले आहे. मी जिवंत असेतो चित्र भिंतीवर राहील. नंतर ते कासिल्दाला द्यावे. तिचा माणूस तिने घरी न्यावा.

मला ओफेलियाशेजारी पुरावे. मध्ये जागा सोडू नये.

साक्षीदार: अमादेओ विन्तिमिया, सुतार, इल्दा काराबाहो, औषधविक्रेती.
सही: लिसांद्रो ओचोआ. सान रोके, वरील तारखेस.

साक्षीदार गेल्यावर मी खुर्ची फिरवली आणि चित्राकडे पाठ करून एकटाच जेवलो.