आत्याचं डोकं वगळून

तिसऱ्या खेपेला तुझं नाक एकदाचं निघालं, आत्या. मेंदूची चित्रं जगासमोर ठेवायची तर माणूस ओळखू येता कामा नये, म्हणून आमचा संगणक त्यांतले चेहरे खोडतो. तो सरासरी नाक धरून चालतो, आणि आपल्या घराण्याला सरासरी मानवत नाही. (शेजारच्या टेबलावरची मैत्रीण पडद्याकडे बघून म्हणाली, "ही तुमच्यातलीच कुणीतरी.") नमस्कार राहिला, तो इथे पोचला असं समज. गुडघा कसा आहे? आतोबांचा खोकला?

तर नाक निघेना, तेव्हा म्हटलं तुला वगळून हिशेब करून बघू. तुला आठवत असेल, त्या बोगद्यासारख्या यंत्रात प्रत्येकाला आपापल्या माणसाचा आवाज ऐकवला होता. तुला आतोबांचा (पाण्याच्या टाकीबद्दल बोलले होते ते). त्यावरून मी सिद्ध केलं की आपल्या माणसाचा आवाज ऐकून मेंदू शांत होतो. माझा सगळा प्रबंध त्यावर उभा आहे. दुसऱ्या एका प्रयोगशाळेला तसं काही सापडेना. तुमची चित्रं दाखवा, असं त्यांनी लिहिलं, आणि मी जरा तोऱ्यातच कळवलं, सगळीच दाखवते. आता तुला वगळल्यावर कुणाचाच मेंदू शांत होत नाही. सरासरीतली सगळी शांतता तुझ्या एकटीची निघाली.

मग तुझं चित्र पुन्हा नीट पाहिलं, आणि मला तुमची बाहेरची खोली आठवली. आतोबा बोलायला लागले की तुझी मान कशी हळूहळू कलते, आणि तरी मधूनमधून तू "हो ना" म्हणतेस. ते बिचारे खूश.

तुझी,
भाची

ता. क. खरं विचारायचं ते हे : तू तेव्हा झोपली होतीस का? मी रागावणार नाही. असशील तर तसं लिही. मला ते सगळ्यांना कळवावं लागेल.

ता. क. आतोबांना हे वाचून दाखवू नकोस. त्यांच्या आवाजात औषधी गुण सापडलाय असं मीच त्यांना सांगून बसले आहे, आणि तेव्हापासून ते जास्तच बोलतात अशी तुझी तक्रार आहे.

ता. क. पत्र टाकायचं राहिलं. आज सकाळी सरांना सगळं दाखवलं. त्यांनी चहा तसाच ठेवला, "आत्याबाई घोरल्या नाहीत हे नशीब," म्हणाले, आणि माझ्या प्रबंधाचं नाव खोडलं. मग आम्ही सगळी चित्रं आणि हिशेबाची प्रत्येक पायरी खुली केली. तुझ्या चित्राखाली लिहिलं आहे : बहुधा झोपेत.