थंड पाण्यात धुवायचा डाग

जहाज, १२ जानेवारी

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

पत्र पावलं. आमचा धुलाईखाना जहाजाच्या पोटात, पाण्याच्या रेषेखाली. वर प्रवासी समुद्र बघतात, आम्ही टॉवेल बघतो. रोज दोन हजार चादरी इस्त्रीच्या तापलेल्या रुळांत घालणं हे माझं काम. प्रवाशांचे चेहरे कधी पाहिले नाहीत, पण डागांवरून माणसं ओळखतो: कुणाच्या हाताला कंप आहे, कोण उशीत तोंड खुपसून रडतं. तुमच्या तर्कशास्त्राच्या वर्गात हे काही तुम्ही शिकवत नसाल!

आईचा खोकला कसा आहे? मुकादम म्हणतो, घरून आजारपणाचं पत्र आलं तर रजा मिळते. नाहीतर करार जूनपर्यंत. तुम्ही नुसता शब्द टाका, मी निघतो. आणि तिची एक वापरातली चादर पाठवा. इथे चादरींचे डोंगर आहेत, पण आपलं म्हणावं असं एक फडकं नाही.

लोभ असावा, त्याला खळ मात्र नको.

आपला,
धाकटा


घर, २४ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रश्नाचा विचार तीन अंगांनी केला. पहिले, खोकला जुनाच आहे. दुसरे, करार मोडणाऱ्यास जहाजावर पुन्हा घेत नाहीत, हे मागे तूच लिहिले होतेस. तिसरे, तू धावत यावेस असे आईलाही वाटत नाही. सबब येण्याचे प्रयोजन नाही.

सोबत चादर आहे. ती आईने स्वतः काढून दिली. स्वच्छ धुऊन घेतली आहे; तज्ज्ञांनी नाक मुरडू नये. रुळांपासून बोटे सांभाळ.

लोभ आहेच, तो मोजून पाहू नये.

दादा


जहाज, ९ फेब्रुवारी

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

चादर पावली. दादा, ही आपल्या घरी धुतलेली नाही. कोपऱ्यात सुईची आठ भोकं आहेत. मोठ्या धुलाईखान्यात कपडा हरवू नये म्हणून तिथे आकड्याची पट्टी शिवतात. पट्टी तुम्ही उसवलीत, भोकं राहिली. वास इस्पितळाचा आहे. मधोमध पुसट तपकिरी डाग आहे. रक्त गरम पाण्यात घातलं की कापडात शिजून बसतं. ते थंड पाण्यातच धुवायचं, हे आईने मला नळाखाली बसवून शिकवलं. तुम्ही तेव्हा पुस्तकात डोकं घालून होतात.

खोकल्यातून रक्त पडतंय ना? मी मुकादमापुढे चादरच पसरली. त्याने पत्र मागितलं नाही. ज्या बंदरावर बदली माणूस चढेल, तिथे मी उतरेन. त्याला पंधरा दिवस आहेत. मी निघालोय, एवढं तिच्या कानावर घाला. तेवढे दिवस तिला धरून ठेवा.

धाकटा


घर, १७ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तार मिळालीच असेल. आई अकरा तारखेला सकाळी गेली. तुझे पत्र काल आले. तू निघालास, हे तिला सांगता आले नाही.

तुझे सर्व मुद्दे मान्य आहेत. पट्टी मीच ब्लेडने उसवली. डाग मला दिसला होता; तो फिका आहे म्हणजे नाही, असे मी धरून चाललो. माझे पहिले विधान अर्धे खरे होते आणि तिसरे साफ खोटे. धाकट्याला कळवलेस का, असे ती रोज विचारी. मी हो म्हणत असे. तुझी नोकरी टिकावी हा हेतू होता. हेतू चांगला असल्याने निष्कर्ष बरोबर ठरत नाही, हे मी पस्तीस वर्षे मुलांना शिकवले. चोवीस जानेवारीला पत्राऐवजी तार केली असती, तर तू वेळेत पोचला असतास. यावर माझ्याकडे बचाव नाही.

एक गोष्ट तुला सांगणे भाग आहे. ती चादर तिने इस्पितळातल्या खाटेवरून काढायला लावली. घरातली दुसरी देतो म्हटले, तर म्हणाली, हीच पाठव, त्याला कळेल. मला तो म्हातारपणाचा हट्ट वाटला. माझ्या रोजच्या ‘हो’वर तिचा विश्वास नव्हता, हे काल तुझे पत्र वाचताना उमगले.

तिच्या उशीची खोळ इस्पितळातून तशीच आणली आहे. कामवालीने दोनदा मागितली, दिली नाही. धुवायची की नाही, ते तू ठरव. धुवायची झाली, तर थंड पाणी मी भरून ठेवीन आणि पिळायलाही बसेन. कसे पिळायचे, तेवढे दाखव.

लोभ मागण्याचा अधिकार मला उरलेला नाही, तरी मागतो.

दादा