गरम बाजू, गार बाजू

मी, या गल्लीत इस्त्रीवाल्या बाई म्हणून ओळखली जाणारी, हे मृत्युपत्र स्वतः सांगून वकिलांकडून लिहून घेत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. माझ्या मुलीला शंका असेल तर तिने त्यांच्याशी भांडावे. माझ्यावर कोणी दबाव टाकलेला नाही. प्रत्येकाने वेगळाच सल्ला दिला, त्यामुळे कोणाचेच चालले नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, आणि पुन्हा करायला वेळ मिळेल असे डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून वाटत नाही.

१. दुकानावरचे राहते घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या थोरल्या मुलीला. ती नर्स आहे. मी अंथरुणाला खिळल्यापासून रोज येते, रोज ओरडते आणि रोज सगळे करते. कपाटाचा खालचा खण अडकतो, लाथ मारल्याशिवाय उघडत नाही. मी तिला कधी मारू दिली नाही. आता खुशाल मारावी.

२. पुढचे दुकान, इस्त्र्या आणि गिऱ्हाईक माझ्या कारागिराला. तो शर्टाची पाठ आधी करतो आणि कॉलर नंतर. माझ्या नवऱ्याची रीत उलटी होती. यावरून मी कारागिराचे डोके खूप खाल्ले. शेवटी त्याच्या पद्धतीने करून पाहिले, तर शर्ट कमी चुरगळला. त्याचे बरोबर आहे. मला ते अजूनही आवडत नाही.

३. इस्त्रीचे लांब टेबल कोणा एकाला देत नाही. ते गल्लीचे आहे. त्याच्याविषयी थोडे लिहावे लागेल, नाहीतर पुढचे कळणार नाही.

गल्लीच्या सभा पहिल्यापासून आमच्याच दुकानात होत, कारण एवढे मोठे टेबल दुसरीकडे नव्हते. टेबलाच्या एका बाजूला इस्त्र्या ठेवलेल्या, त्यामुळे तिथे उभे राहणारा घामाघूम होई. म्हणून माझे यजमान मध्येच ओरडत, "बाजू बदला!" गरम बाजूचे गार बाजूला जात, गारवाले गरमकडे. एकदा हातगाड्यांवरून जुंपली असताना यजमान थट्टेने म्हणाले, "आता जागा बदललीच आहे, तर मतंही बदलून बोला." तेव्हापासून तो नियमच झाला. समोरच्याचे म्हणणे आधी आपल्या तोंडाने मांडायचे. तो "हो, असंच म्हणायचं होतं मला" असे म्हणेपर्यंत स्वतःचे बोलायचे नाही. हातगाड्यांचा प्रश्न असाच सुटला, सार्वजनिक नळाचाही. कोणी जिंकले नाही, पण रस्ता मोकळा झाला आणि गाडीवाल्यांची पोटेही भरत राहिली.

समोरच्या शिंपीणबाईंनी हा नियम एकदाही पाळला नाही. "स्वतःच्या पोराला आवरता येत नाही आणि गल्लीला शहाणपण शिकवते," असे त्या भर सभेत म्हणाल्या. तो राग मी कोणाच्या नावे करत नाही. सोबत घेऊन जाते.

४. दुकानाची मागची खोली. इथेच घोडे अडले आहे.

या खोलीचे एक दार मागच्या बोळात उघडते. त्या बोळात नशा करणारी मुले बसतात. माझा धाकटा मुलगा त्यांच्यात आहे. तो चांगला फिटर होता. आता त्याचे हात थरथरतात आणि मला बघून तो ते खिशात घालतो.

सभेत दोन पक्ष पडले. मी म्हणत होते, दार उघडा, खोलीत पाणी ठेवा, डॉक्टर येऊन बसू देत, पोरांना कुठेतरी आत येता येऊ दे. शेजारचे चष्मेवाले म्हणत होते, दाराला कुलूप घाला आणि पोलिसांना सांगा. चष्मेवाले म्हणजे यजमानांचे मित्र, माझे भावजी आणि माझे कायमचे विरोधक. त्यांच्या दुकानाची काच फोडून फ्रेमा चोरीला गेल्या होत्या. कोणी फोडली ते त्यांना माहीत होते आणि मलाही. सभेत त्यांनी त्याचे नाव घेतले नाही, याबद्दल मी त्यांची जन्माची ऋणी आहे.

मग कारागीर ओरडला, "बाजू बदला!"

मी गार बाजूला गेले आणि भावजींचे म्हणणे मांडू लागले. म्हटले, "दार उघडं असलं की त्याला परतायची वाट राहते, पण सुधारायची गरज राहत नाही. आई दर वेळी पोटाशी घेते म्हणून तो दर वेळी तळाशी जातो." बोलता बोलता मीच मान डोलावू लागले, कारण ते मला पटत होते. गरम बाजूला भावजी माझे म्हणणे मांडत होते. "वहिनी म्हणतात, कुलूप घातलं तर काच वाचेल, पण पोरगं कुठे पडलंय ते आपल्याला कळणारसुद्धा नाही." एवढे म्हणून त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसत बसले.

त्या दिवसापासून भावजी म्हणतात दार उघडा आणि मी म्हणते कुलूप घाला. आम्ही बाजू बदलली ती परत बदललीच नाही. गल्लीला हसू आवरेना. प्रश्न मात्र जिथल्या तिथे. थोरली माझ्या नव्या बाजूने आहे, ती भावजींशी धड बोलत नाही. म्हणते, "काका, तुम्हाला एकदा लुटलं, आम्हाला रोज लुटतोय." तिचे बरोबर आहे. भावजींचेही बरोबर आहे. आयुष्यभर मी लोकांना सांगत आले की दुसऱ्याचे नीट ऐकले की मार्ग निघतो. मी नीट ऐकले. मला मार्ग दिसत नाही. मी हात टेकले.

मी कुलूप घाला म्हणते, पण घालत नाही. धाकटा अधूनमधून दार वाजवतो. माझे अंथरूण आता या दाराशीच आहे. मी कधी पडल्या पडल्या कडी काढते, कधी डोळे मिटून पडून राहते.

म्हणून मागची खोली थोरली आणि भावजी या दोघांना सामाईक. खोलीच्या दारासाठी कारागिराने आणलेले नवे कुलूप आहे, ते थोरलीकडे राहील. त्याची किल्ली भावजींकडे. दोघांनी टेबलाशी उभे राहून, बाजू बदलून, काय ते ठरवावे. ठरले नाही तर पुन्हा उभे राहावे.

५. धाकट्याला काय द्यावे ते मला सुचत नाही. जे देईन ते तो विकेल. त्याचा निळा शर्ट धुऊन, इस्त्री करून मागच्या दाराच्या खिळ्याला अडकवलेला असतो. तो तसाच असावा. कारागिराने हवी तर पाठ आधी करावी.

६. हे सर्व वकिलांनी वाचून दाखवले तेव्हा भावजी पायाशी बसले होते. म्हणाले, "वहिनी, मला हे मान्य नाही. ही जबाबदारी आहे की शिक्षा?"

मी म्हटले, "आधी माझं सांगा."

थोरली दारात उभी होती, भावजी तिच्याकडे पाहून म्हणाले, "तुझ्या आईला ठाऊक आहे, आपलं काही ठरणार नाही. तिला एवढंच हवंय, की त्यानं कधीही दार वाजवलं तर आत त्याच्यावरून अजून कोणीतरी भांडत असावं. आणि ते त्याला बाहेर ऐकू यावं."

हो. असेच म्हणायचे होते मला.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझाच आहे. माझ्यानंतर हाच खरा धरावा.

ठिकाण : दुकानाची मागची खोली
दिनांक : आजचा, वकिलांच्या शिक्क्यात आहे तो
सही : इस्त्रीवाल्या बाई (वाकडी आहे, पण सही माझीच)

साक्षीदार, ज्यांना यातून काही मिळत नाही असे :
१. डॉक्टर, गल्लीच्या टोकाचे
२. शिंपीणबाई, समोरच्या. दुसरे कोणी वेळेवर सापडले नाही. सही करण्याआधी त्यांना माझे म्हणणे सांगायला लावले. त्यांनी सांगितले. बरोबर सांगितले.