उत्तराआधीची शांतता

१४ नोव्हेंबर, सकाळ

ती. दादा,

नमस्कार. वहिनी आणि तू मजेत असाल. इथे थंडी पडली आहे, बाबांचा गुडघा कुरकुरतो, बाकी तब्येत ठणठणीत. फोन सोडून पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस आणि हे मला शेवटपर्यंत सांगायचं आहे.

वृद्धाश्रमातली जागा महिनाअखेरपर्यंतच राखून ठेवतील, तेव्हा बाबा एकटे राहू शकतात का ते नीट बघून कळव, असं तू सांगितलंस. आई गेल्यापासून ते स्वयंपाकघरात तिच्या रिकाम्या खुर्चीशी बोलतात, याची तू धास्ती घेतली आहेस. वहिनीच्या मानववंशशास्त्रात म्हणे गेलेल्याची जागा राखणारे समाज ढिगाने सापडतात. डॉक्टर म्हणाले, मेंदूची सवय आहे, सुटेल हळूहळू. तू पडलास अर्थतज्ज्ञ. माणूस जे निवडतो तेच त्याला हवं असतं असं म्हणालास, आणि बाबांच्या वतीने निवडूनही मोकळा झालास.

माझं शास्त्र तुम्हा सगळ्यांपुढे किरकोळच. माणसं बोलताना मधे किती थांबतात, ते मी मोजते. तेच इथे कामाला येईल असं वाटलं, म्हणून फळीवरच्या डब्यांमागे मी एक छोटा कॅमेरा लपवला. बाबांना सांगितलं नाही. कोणी बघतंय हे कळलं की माणूस वेगळं वागतो, हा आमच्याकडचा पहिला धडा.

स्वतःशी बोलणारा माणूस सलग बोलतो, थांबला तरी कुठेही थांबतो. बाबांचं तसं नाही. ते विचारतात आणि थांबतात. कधी त्या शांततेतच हसतात, कधी "अगं, ऐकून तर घे" म्हणतात.

आईचं तुला आठवतंच. तिचा होकार लगेच यायचा. नाही म्हणायचं असलं की ती आधी गप्प व्हायची, हातातलं काम तसंच चालू ठेवून. नकाराआधी सगळेच थोडे थांबतात, पण तिच्याइतकं थांबणारं मी दुसरं कोणी पाहिलं नाही. घरातल्या जुन्या व्हिडिओंमधल्या तिच्या शांतता मी बाबांच्या शांततांशी ताडून पाहिल्या. जुळतात.

इतक्या वर्षांच्या संसारात एवढं पाठ होणारच, असं लिहून मी मोकळी होणार होते.

पण परवाच्या रेकॉर्डिंगमध्ये बाबा म्हणाले, "पोरगा म्हणतोय तिकडे राहायला जा. जाऊ का?" मग ती लांबलचक शांतता. पडद्यावर आवाजाची रेघ सपाट होती. दादा, भर दुपारी ऑफिसात हेडफोन लावून बसले होते मी, आणि मला "नको" ऐकू आलं. मागे नेऊन पुन्हा ऐकलं. पुन्हा आलं. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना ऐकवलं, त्यांना काहीच ऐकू आलं नाही. त्यापुढे बाबा म्हणतात, "बरं. नाही जात."

संध्याकाळी बाबा फिरायला गेलेले बघून मी घरी येऊन कॅमेरा काढून घेतला. ते परतले, चहाचं आधण ठेवलं आणि फळीकडे न बघताच म्हणाले, "काढलास ते बरं केलंस. माझं काही नव्हतं, पण हिला अवघडल्यासारखं व्हायचं."

त्यांना तो आधीच दिसला असेल. दिसला असणारच. चूक माझ्या मोजण्यात नव्हती. खोलीत एकच माणूस आहे असं मी धरून चालले होते.

तुला हवा तो अहवाल माझ्याच्याने लिहवणार नाही. ती जागा दुसऱ्या कुणाला द्या, असं मी वृद्धाश्रमाला कळवून टाकलं आहे. रागावायचं तर रागाव. मी माझं सामान घेऊन इथेच राहायला आले आहे. सगळ्यांना सांगते की बाबांसाठी आले. तुझ्यापासून काय लपवू, मला भीती वाटते आणि मला आई हवी आहे.

काल बाबा झोपल्यावर खुर्चीसमोर बसून मी तिला विचारलं, "आई, तू गेलीस ना?"

ती अजून गप्प आहे.

उत्तराची वाट बघत,
तुझी धाकटी