तुमचं न पोचवलेलं वाक्य

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी इथली, कॅनडातल्या विंडसरच्या लायब्ररीतली ती फेब्रुवारीतली दुपार अजून माझ्या घशात अडकून आहे. आमच्या शेजारच्या बाईंचं भाषण होतं. कृष्णवर्णीय, युनिव्हर्सिटीत इतिहास शिकवायच्या. तुम्हीही जन्मभर इतिहासाचेच मास्तर, म्हणून मीच तुम्हाला जॅकेट-बूट चढवून हौसेनं नेलं. पडद्यावर झिंबाब्वेतल्या जुन्या भिंती होत्या. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. तुम्ही माझ्या कानाशी लागलात, "विचार गं, हे बांधायला बाहेरून कोण आलं होतं?" वडील विचारतायत म्हणून मी विचारलं. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तिथल्याच लोकांनी बांधलं. गोऱ्यांना ते पटेना, म्हणून त्यांनी पुस्तकांत बाहेरचे लोक आणून बसवले. तुमच्या वडिलांनी तीच पुस्तकं वाचली असणार." मी ते तुम्हाला मराठीत सांगितलं.

आणि तुम्ही उभे राहता. काठी खुर्चीला टेकवून, हात जोडून, भर हॉलमध्ये, मराठीत. "यांना सांग, इंग्रजांनी आपल्याला रानटी म्हटलं, म्हणून मी वर्गात टेबलावर हात आपटायचो. आणि पुढच्याच तासाला आफ्रिका म्हणजे अंधारं खंड, त्यांना कसला इतिहास, हे पोरांकडून घोकून घ्यायचो. माझं चुकलं. हेच शब्द सांग, हं."

मागच्या रांगेत माझ्या प्लान्टमधली माणसं बसलेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काय गरज होती हो, चारचौघांत? इथलं भराभर इंग्रजी तुम्हाला झेपायचं नाही, हे मला ठाऊक होतं. मी बाईंना इंग्रजीत सांगितलं की भाषण यांना फार आवडलं, खूप शिकायला मिळालं. बाईंनी छातीवर हात ठेवला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. गाडीत तुम्ही डोळे पुसत होतात. "एवढं कबूल केलं, तरी टाळ्या वाजवल्या गं. मोठ्या मनाची माणसं." मी हीटर वाढवला.

काल ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करताना बाई दिसल्या. आता रिटायर झाल्यात. आपणहून म्हणाल्या, "तुझे वडील आठवतात मला. उभं राहून माझं कौतुक केलं होतं त्यांनी." अगदी ओठांवर आलं होतं, अण्णा. तेव्हा मला तुमची लाज वाटली होती, आता माझी वाटते, आणि एवढी वाटूनही खरं सांगवलं नाही. "यस, ही लव्ह्ड इट," म्हटलं आणि खाली मान घालून बर्फ उपसत राहिले.